२८ दिवसांचे स्टेंट आणि माझा माऊस

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या गाइड मॅडमनी स्लाइडचा एक डबा हातात दिला. डुकरांच्या कोरोनरी, म्हणजे हृदयाच्या, धमन्यांत बसवलेले ३ मिमीचे स्टेंट (धमनी उघडी ठेवणाऱ्या तारेच्या जाळीदार नळ्या), २८ दिवसांनी काढलेले. धातूसकट धमनी मेणात बसवून कापता येत नाही, म्हणून रेझिन, म्हणजे कडक प्लास्टिक, वापरतात. ते किचकट काम आधीच कुणीतरी केलं होतं. मी "फक्त मोजायचं" होतं. या 'फक्त'ला चार महिने लागले.

व्हरहॉफ-व्हॅन गीसन रंगात इलास्टिन, म्हणजे धमनीला लवचीक ठेवणारं प्रथिन, काळं दिसतं. धमनीच्या आतली काळी नागमोडी रेघ, म्हणजे आयईएल (इंटर्नल इलास्टिक लॅमिना), गिरवायची. मग रक्त वाहतं त्या पोकळीची कड. दोन्ही क्षेत्रफळांची वजाबाकी केली की निओइंटिमा, म्हणजे स्टेंट बसवल्यावर आत नव्याने चढलेला थर. मला वाटलं, इमेजजे या फोटो मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑटो थ्रेशोल्ड लावू, पांढरं ते पोकळी. पण कापताना स्टेंटच्या तारा निखळल्या होत्या, त्यांची भोकंही पांढरीच! सॉफ्टवेअरने तीही पोकळीत धरली आणि थर पातळ दिसायला लागला. शेवटी सगळं माऊस धरून हाताने गिरवलं. मनगट इतकं दुखलं, की डिझायनर मैत्रिणीचा पेन टॅब्लेट मागून आणला.

खरी अडचण तारेने आयईएल फाडली होती तिथे. रेघच नाही तर गिरवणार काय? मॅडम म्हणाल्या, "दोन्ही टोकं तारेच्या बाहेरून, वळणाला धरून जोड. हा नियम वहीत लिही आणि मधेच बदलू नकोस." ती फाटही मोजायची असते: श्वार्त्झच्या इजा-गुणांकात आयईएल शाबूत तर ०, फाटली तर १, मीडिया म्हणजे मधला स्नायूंचा थरही फाटला तर २, बाहेरची इलास्टिनची पट्टीही गेली तर ३.

एवढं करून माती खाल्ली ती स्केलमध्ये. काही फोटो ४एक्स भिंगाने काढलेले, स्केल मात्र २एक्सचं, आणि 'ग्लोबल'वर टिक, म्हणजे तेच स्केल सगळ्या फोटोंना. अंतर दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. टक्क्यांतलं आकुंचन, म्हणजे नव्या थराने आतली जागा किती अडवली, हे गुणोत्तर, ते बरोबरच येत होतं, त्यामुळे मला पत्ताच नाही. मॅडमनी आयईएलच्या आतलं २८ चौरस मिमी पाहिलं (हवं होतं ७ च्या आसपास) आणि विचारलं, "ही डुकराची कोरोनरी आहे की हत्तीची?"

सगळे फोटो पुन्हा मोजले. या वेळी स्लाइडचे नंबर झाकून, कुठला स्टेंट कुठल्या गटातला हे मला कळू न देता. जुन्या-नव्या आकड्यांत सगळ्यात जास्त तफावत निघाली ती २ आणि ३ गुणांच्या स्लाइडमध्ये. त्या आता मॅडम स्वतः गिरवताहेत, माझ्या मैत्रिणीच्याच टॅब्लेटवर.