ब्लॅक सॅबथ सराव-वही : हलक्या तारा, जड आवाज

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की गिटारवर ११च्या (म्हणजे सर्वांत पातळ तार ०.०११ इंचाची) जाड तारा चढवल्या आहेत, आता आवाज भरदार येईल. नाही आला. तीन आठवडे बोटं सोलून घेतली आणि शेवटी तारा उतरवल्या. त्या तीन आठवड्यांत जे कळलं ते मात्र मोलाचं आहे, म्हणून आजची नोंद जरा लांब.

पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आम्ही पुण्यातले तिघे. मी गिटार, मावसभाऊ बेस आणि आमच्याच सोसायटीतला एक कॉलेजचा मुलगा ड्रम्स. ५ जुलै २०२५ला बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागात, व्हिला पार्कवर, ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचे मूळचे चौघे शेवटचे एकत्र वाजवताना पाहिले. चौघेही त्याच ॲस्टनच्या गल्ल्यांत वाढलेले. सतराच दिवसांनी, २२ जुलैला, त्यांचा गायक ऑझी ऑझबर्न गेला. त्या आठवड्यात ठरवलं की त्यांचा पहिला अल्बम अख्खा बसवायचा. नुसते सूर जुळवायचे नाहीत, वीस-एकवीस वर्षांच्या त्या पोरांना हा आवाज सापडला कसा ते हाताने शोधायचं.

तर, तारा. सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात उजवा. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, त्याच हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं प्रेसखाली तुटली. आता गिटार संपली, असं त्याला वाटलं होतं. कारखान्याच्या फोरमनने त्याला जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जँगोची दोन बोटं आगीत निकामी झाली होती, तरी तो तसा वाजवायचा. मग आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांच्या टोप्या केल्या, त्यावर जुन्या जॅकेटचं कातडं चिकटवलं. नेहमीच्या तारा त्या बोटांना सोसेनात, आणि तेव्हा बाजारात हलका संच मिळत नव्हता. म्हणून पातळ बाजूला बँजोच्या तारा लावून बाकीच्या एकेक जागा सरकवल्या. ज्याला आपण सगळे 'जड' म्हणतो तो आवाज असा हलक्या तारांतून आला. हे मी अनेकदा वाचलं होतं, तरी ११चा संच विकत घेतला. वाचलेलं हातात उतरायला वेळ लागतो.

आता ९च्या तारा आहेत. जोडीला एक प्रयोग केला : जुन्या पाकिटाचं कातडं कापून मधल्या बोटाला आणि अनामिकेला टोप्या शिवल्या आणि रोज वीस मिनिटं तसंच वाजवलं. पहिले चार दिवस काहीच जमलं नाही. तार बोटाखाली आहे की नाही, तेच कळत नाही. मग भीतीने आपण जास्त दाबतो, आणि हलकी तार जास्त दाबली की सूर चढतो. ट्यूनर दाखवतच होता. पाचव्या दिवशी दिवा बंद करून बसलो आणि नुसत्या कानाने दाब कमी करत गेलो. सूर जागेवर आला तेव्हा हात किती सैल होता, हे बघून मीच चकित झालो. टोप्या काढल्यावरही तो सैलपणा टिकलाय. शिवाय टोप्यांनी पूर्ण कॉर्ड धरणं अवघड जातं, म्हणून हात आपोआप तर्जनी आणि करंगळीच्या दोन सुरांच्या कॉर्डकडे वळतो. सॅबथच्या रिफचा (पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या धुनेचा) सांगाडा तोच आहे.

पण दोनच सूर वाजले की मधे जागा रिकामी राहते. ती सॅबथच्या बेसवाल्या गीझर बटलरने भरली. हा मुळात रिदम गिटारवाला. १९६८मध्ये हे लोक पोल्का टल्क ब्लूज बँड म्हणून सहा जण होते, सॅक्सोफोन आणि स्लाइड गिटारसकट. दुसरी गिटार नको असं ठरलं आणि गीझर बेसकडे गेला. त्यामुळे तो बेससुद्धा गिटारवाल्याच्या डोक्याने वाजवतो : रिफच्या बरोबरीने चालतो, आयोमीने तार ओढली की हाही ओढतो. मावसभाऊ इतकी वर्षं प्रत्येक कॉर्डचा फक्त मूळ सूर धरायचा. त्याला म्हटलं, "दादा, माझ्या मागे नको, माझ्यासोबत ये." दोन रविवार गेले, पण तिसऱ्या रविवारी जॅम रूमची काच थरथरली. अँपचा आवाज आम्ही वाढवला नव्हता.

ड्रम्सचं काम अजून अर्धवट आहे. आमचा मुलगा ढोल-ताशा पथकातला, ताशाची तर्री घोटलेला हात, मनगटात ताकद भरपूर. सॅबथचा ड्रमर बिल वॉर्ड मात्र जॅझ ऐकत वाढलेला, जीन क्रुपासारख्या जॅझ ड्रमरांच्या वळणाचा, त्याचा ठोका झुलतो. ते झुलणं आमच्याकडे अजून आलेलं नाही. आमच्या मुलाला सध्या फक्त राइड सिंबल (ठेका धरायची मोठी झांज) दिलं आहे.

अल्बमच्या पहिल्या गाण्यावर, ज्याचं नाव पुढे बँडनेच घेतलं, आम्ही पाच आठवडे आहोत. रिफ तीनच सुरांची : जी, वरचा जी आणि सी शार्प. मी ती आईच्या पेटीवर काढली. जीला सा धरला तर तिसरा सूर तीव्र मध्यम. आई आतून म्हणाली, "यमन का रे?" तोच सूर आहे खरा. पण यमनात तो पंचमाकडे नेतो आणि मन निवतं. इथे तो पंचमाला नुसता शिवतो, थरथरतो, विसावत नाही आणि पुन्हा खालच्या सावर येऊन आदळतो. लयही ठाय. आम्ही आधी घाई करत होतो आणि भीती निघून जात होती. आता दोन सुरांमधली शांतता मोजून वाजवतो.

गेल्या रविवारी मोठी परीक्षा घेतली. तो अल्बम त्यांनी १६ ऑक्टोबर १९६९ला लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत साधारण एका दिवसात, सगळ्यांनी एकत्र वाजवत टेपवर घेतला. पहिलं गाणं झाल्यावर आयोमीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा पिकअप (तारांची कंपनं टिपणारा भाग) गेला, तेव्हा जवळ होती ती गिब्सन एसजी उचलून त्याने बाकीचं पूर्ण केलं. १३ फेब्रुवारी १९७०ला, शुक्रवारी, अल्बम बाजारात आला. आम्हीही म्हटलं, आठ तासांत जेवढं होईल तेवढं, जोड न लावता. झाली तीन गाणी. त्यातलं एकच ऐकण्यासारखं आहे.

त्यांना एका दिवसात जमलं कारण त्याआधी शेकडो तास स्टेजवर गेले होते. जर्मनीत हँबर्गच्या स्टार क्लबमध्ये दिवसात ४५-४५ मिनिटांचे कितीतरी सेट. गाणी कमी आणि वेळ जास्त, मग त्याच रिफ ताणत, वळवत बसायचं. आणि डिसेंबर १९६८मध्ये आयोमी काही दिवस जेथ्रो टल या दुसऱ्या ब्रिटिश बँडमध्ये जाऊन आला, तिथली वेळेवर तालमीला हजर राहायची शिस्त त्याने परत आणली. या दोन गोष्टी पैशाने मिळत नाहीत, पण आम्हालाही करता येतील अशा आहेत. म्हणून या रविवारपासून जॅम रूम सकाळी आठची घेतली आहे, आणि पहिला तास एकच रिफ, न थांबता.

पुढच्या नोंदीत ८च्या तारा. १९७१च्या तिसऱ्या अल्बममधल्या काही गाण्यांत आयोमीने ट्यूनिंग दीड सूर खाली, सी शार्पवर नेलं होतं. ते करताना तारा फडफडू नयेत म्हणून तुमच्यापैकी कुणी नट आणि ब्रिजमध्ये काय फरक केला असेल, तर जरूर सांगा.