सातवं वळण

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघं भाऊ त्या ट्रॅकवरून पायी फिरलो, तेव्हा मला धास्ती होती ती डाव्या वळणांची. गेली चार वर्षं मी एकाच सर्किटवर मोटरसायकलच्या शर्यती पळतोय. तिथं घड्याळाच्या दिशेनं जायचं असतं, त्यामुळे बहुतेक वळणं उजवी. उजवीकडं गाडी झोपवताना मला विचार करावा लागत नाही. गुडघा कधी बाहेर काढायचा, खांदा किती खाली न्यायचा, हे अंगवळणी पडलंय. इथं सगळं उलट. अकरा वळणं, त्यातली नऊ डावी. पहिलं वळण उजवं, मग ओळीनं पाच डावी, मग एक चढ, आणि चढाच्या माथ्यावर, पलीकडचं काहीच दिसत नाही अशा जागी सातवं वळण. ते उजवं. ते बघून मला हायसं वाटलं. धाकट्याला म्हणालोसुद्धा, "इथं मी वेळ भरून काढणार."

तो उकिडवा बसून डांबराकडं बघत होता. "दादा, हे बघ."

डांबरावर पांढरट, बारीक ओरखडे होते. आडवी पडलेली गाडी घसरत जाते तेव्हा फूटपेग, म्हणजे पाय ठेवायची दांडी, आणि हँडलचं टोक असे ओरखडे काढतं. पंधरा-वीस तरी असतील. सगळे जवळजवळ एकाच जागी सुरू होऊन बाहेरच्या खडीकडं गेलेले. आणि ती जागा वळणाच्या पोटात नव्हती, त्याच्या बरीच आधी होती. म्हणजे माणसं गाडी पूर्ण झोपवल्यावर पडत नव्हती, झोपवायला सुरुवात केल्या केल्या पडत होती.

तिथं एक वयस्कर मार्शल, म्हणजे ट्रॅकवरच्या सुरक्षेचं काम बघणारे, आपली टायरची भिंत तपासत होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "इथं जोरात येणारा पडतो तसा हळू येणाराही पडतो. हळू येणारे जास्त पडतात." मला त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

शनिवारी सरावाची तीन सत्रं होती, प्रत्येकी पंधरा मिनिटांची. अनोळखी ट्रॅकवर पहिली अडचण होते ती नजरेची. ओळखीच्या ट्रॅकवर नजर आपोआप पुढच्या खुणेवर जाते, इथं ती सारखी पुढच्या चाकाजवळ ओढली जात होती. माझी गाडी ४०० सीसीची, सरळ रस्त्यावर ताशी १८० पर्यंत जाते. ताशी १८० म्हणजे सेकंदाला ५० मीटर. नजर एक पंचमांश सेकंद चुकली तरी १० मीटर निघून गेलेले असतात. म्हणून प्रत्येक वळणाला ब्रेकची एक खूण ठरवावी लागते, आणि ती खूण जागची हलणारी नसावी लागते. सकाळच्या सत्रात दुसऱ्या वळणाआधी एका खांबाची सावली ट्रॅकवर आडवी पडत होती. ठळक, काळी रेघ. मी ती खूण धरली आणि दोन लॅपमध्ये, म्हणजे दोन फेऱ्यांत, वळण बसलं. दुपारच्या सत्रात त्याच सावलीवर ब्रेक धरला आणि सरळ बाहेरच्या मोकळ्या डांबरावर गेलो. सूर्य सरकला होता, सावली चार-पाच पावलं वळणाकडं गेली होती. त्या दिवसानंतर मी डांबरातला सांधा, ट्रॅकच्या कडेच्या कर्बचा रंग बदलतो ती जागा, असल्याच खुणा धरतो.

बाकी किरकोळ कामं झाली. शेवटच्या वळणातून बाहेर पडताना इंजिन मरगळत होतं, म्हणून मागचं स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचं दातेरी चाक, एका दाताने मोठं लावलं. डावी वळणंसुद्धा हळूहळू जमायला लागली. आणि मग क्वालिफाइंगच्या, म्हणजे शर्यतीतली सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या सत्राच्या, चौथ्या लॅपला, जिथं मी वेळ भरून काढणार होतो त्या सातव्या वळणावर पुढचं चाक गेलं.

ते किती शांतपणे होतं हे ज्यानं अनुभवलंय त्यालाच कळेल. आवाज नाही, धक्का नाही. हातातलं हँडल एकदम हलकं झालं, आपण होऊन आत वळलं, आणि गाडीचा सगळा भार माझ्या उजव्या गुडघ्यावर आला. मी काही केलं नाही, करायला वेळच नव्हता. गुडघ्यानं ती अर्धा क्षण तोलून धरली, टायरनं पुन्हा पकडलं आणि मी माथ्यापलीकडं बाहेर पडलो. पिटमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या जागी, आलो तेव्हा हातमोजे निघेनात इतकी बोटं कापत होती. चौदावा क्रमांक मिळाला.

धाकट्यानं माझ्या सूटवरचे दोन्ही गुडघ्याचे स्लायडर, म्हणजे वळणात रस्त्याला घासणारे तुकडे, काढले आणि शेजारी शेजारी ठेवले. डावा निम्मा झिजलेला. उजव्यावर नुकताच पडलेला एक ओरखडा, बाकी कोरा. मग त्यानं पुढच्या टायरवर बोट फिरवलं. डावीकडचं रबर खरखरीत, चिकट, बारीक गोळ्या उठलेलं. उजव्या कडेला दोन-अडीच सेंटिमीटर रुंद पट्टा अजून गुळगुळीत चमकत होता.

शेजारच्या पिटमध्ये माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे असलेले एक रेसर होते. आम्ही त्यांना काकाच म्हणायला लागलो होतो. ते आले, टायरवर हात ठेवला आणि म्हणाले, "बघ, हात लावून बघ. डावीकडं आणि उजवीकडं." डावी बाजू गरम होती, उजवी जेमतेम कोमट.

शर्यतीआधी टायरवर गुंडाळायचे विजेचे वॉर्मर टायरला ८० अंशांपर्यंत तापवतात, पण ती ऊब टिकवायची तर रबराला रस्त्याशी झटावं लागतं. पाच डावी वळणं घेताना उजवी कड रस्त्याला लागतच नाही, तिच्यावरून फक्त वारा वाहतो. थंड रबर कडक होतं, त्याची पकड जाते. वर चढाच्या माथ्यावर पुढच्या चाकावरचा भार कमी होतो. या दोन गोष्टी सातव्या वळणावर एकत्र येतात. जर्मनीतल्या झाक्सेनरिंगवर हेच घडतं. तिथं तेरापैकी दहा वळणं डावी आहेत आणि सलग डाव्या वळणांनंतर येणाऱ्या उजव्या अकराव्या वळणावर मोटोजीपी या जागतिक मोटरसायकल स्पर्धेतले मातब्बरही पडलेत. त्यांना निदान दोन बाजूंना वेगवेगळं रबर असलेले टायर मिळतात, आमच्या टायरला दोन्हीकडं एकच. आणि माझं मन तर चार वर्षांच्या सवयीनं सांगत होतं की उजवं वळण म्हणजे भरवशाचं. त्या भरवशामुळे मी तिथं गाडी एका झटक्यात झोपवत होतो.

"गरज नसली तरी माथ्याआधी पुढचा ब्रेक हलकेच धर," काका म्हणाले. "चाकावर भार येऊ दे. मग सावकाश झोपव. अंग आधी आत ने, गाडी नंतर."

रविवारी सकाळी गार वारा होता. आठ लॅपची शर्यत. मी काकांनी सांगितलं तसंच करत होतो आणि तिसऱ्या लॅपपर्यंत तीन जागा पुढं सरकलो होतो. सातव्या वळणावर माझ्यापुढचे दोघं एकापाठोपाठ आडवे झाले. एकाची गाडी ट्रॅकच्या मधोमध राहिली. लाल झेंडा लागला, शर्यत थांबली. दोघंही चालत बाहेर आले, पण ट्रॅक साफ होऊन आम्ही पुन्हा ग्रिडवर, सुरुवातीच्या रांगांत, लागेपर्यंत वीस मिनिटं गेली. वॉर्मर लावायला मिळाले नाहीत. मी खाली वाकून टायरला हात लावला. दोन्ही बाजू सारख्याच गार होत्या.

पुन्हा पाच लॅपची शर्यत, त्याआधी वॉर्म-अपचा एकच लॅप. त्या लॅपमध्ये पहिल्या आणि सातव्या अशा दोन्ही उजव्या वळणांवर मी पुढच्या चाकावर जाणूनबुजून भार टाकला, जितका टाकायची हिंमत होती तितका. शर्यत सुटली. काका माझ्या दोन गाड्या पुढं होते. सातव्या वळणाकडं चढताना मला त्यांची पाठ स्पष्ट दिसत होती. त्यांनी थ्रॉटल लवकर सोडला, अगदी अलगद, काचेचं भांडं हाताळावं तशी गाडी उजवीकडं कलवली, आणि ती त्यांच्या खालून निघून गेली. मी धोक्याचा पिवळा झेंडा बघितला, हात वर केला आणि त्यांच्या बाजूनं पुढं गेलो. पुढचे चारही लॅप तिथून जाताना मी खडीकडं बघितलं नाही. दोघं जण मला तिथंच मागं टाकून गेले, व्यवस्थित, वेगात, न पडता. ते ट्रॅक ओळखून होते. मी दहावा आलो.

काका वैद्यकीय कक्षातून परत आले ते हात गळ्यात बांधून. गळपट्टीचं हाड मोडलं होतं. "मला वाटलं, हळू घेतलं की झालं," ते म्हणाले. मार्शलचं शुक्रवारचं बोलणं मला तेव्हा कळलं. हळू जाणाऱ्याच्या टायरला तापायला काहीच मिळत नाही.

त्यांच्याबरोबर आलेला मुलगा एकटाच होता, म्हणून त्यांची गाडी आम्ही चढवली. उजवा फूटपेग तुटलेला, ब्रेकचा लिव्हर वाकलेला, गाडीच्या बाहेरच्या आवरणात, फेअरिंगमध्ये, खडी अडकलेली. धाकट्यानं पट्टा आवळायला पुढचं चाक धरलं आणि थांबला. त्यानं अंगठ्यानं टायरच्या उजव्या कडेवरची धूळ पुसली. खाली तोच गुळगुळीत चमकणारा पट्टा होता.

काका बघत होते. "फोटो काढून ठेव रे त्याचा," ते म्हणाले. "मला पाठव."