सेकंडहँड क्वाडची पुढची चाकं: टाय रॉडला पाना लावण्याआधी

वापरलेली क्वाड बाईक (चार जाड टायरची, हँडलवाली गाडी) घेतली की पहिली तक्रार बहुतेक वेळा हँडलची असते. गाडी एका बाजूला ओढते, सरळ जाताना हँडल वाकडं राहतं, किंवा वेग धरला की पुढची चाकं भरकटतात. मेकॅनिक टाय रॉडचे (हँडलची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचे) चेक नट (रॉडची लांबी जागेवर पकडून ठेवणारे नट) सैल करतो, रॉड फिरवतो, डोळ्यांना चाकं सरळ दिसली की नट आवळून गाडी हातात देतो. थोड्याच दिवसांत तक्रार पुन्हा हजर. टाय रॉड फिरवणं हे अलाइनमेंटमधलं शेवटचं काम आहे. वाकलेला ए-आर्म (चाकाला फ्रेमशी जोडणारा हात) रॉड फिरवून झाकता येतो, सरळ करता येत नाही.

आधी तक्रार नीट ओळखा. गाडी सरळ जाते पण हँडल वाकडं आहे, तर दोन टाय रॉडची लांबी असमान आहे, किंवा हँडलबार नाहीतर स्टेम (हँडलखालचा उभा दांडा) वाकला आहे. गाडी सतत एकाच बाजूला ओढत असेल तर दोष बहुधा टोचा, म्हणजे वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा, नसतो. टायर, ब्रेक, कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर कल) किंवा मागे ढकललेलं चाक तपासा. गाडी कधी इकडे कधी तिकडे जात असेल तर कुठेतरी प्ले (सैलपणा) आहे, किंवा टो प्रमाणाबाहेर गेला आहे. फक्त ब्रेक मारल्यावर ओढत असेल तर पुढच्या ब्रेकपासून सुरुवात करा.

सगळ्यात आधी हवा. क्वाडच्या टायरमध्ये बहुतेक ३ ते ७ पीएसआयच हवा असते. नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर मिळतो. पेट्रोल पंपावरचा गेज इतक्या कमी दाबाला भरवशाचा नाही, त्यामुळे ० ते १५ पीएसआयचा लो-प्रेशर गेज विकत घ्याच. मोटारीत १ पीएसआयचा फरक कळतही नाही, इथे ४ पीएसआयच्या टायरमध्ये तो पाव हिस्सा होतो आणि कमी हवेच्या बाजूला गाडी ओढते.

हवा सारखी केली की मेजरिंग टेप टायरभोवती फिरवून चारही टायरचा घेर मोजा, मागच्या दोन्हींचा तर हमखास. ११० ते २५० सीसीच्या बऱ्याच क्वाडना मागे डिफरेन्शियल नसतं, एकच सलग अ‍ॅक्सल दोन्ही चाकं फिरवतो. एक टायर झिजलेला आणि दुसरा नवा असला तर दोन्ही बाजू एका फेऱ्यात वेगवेगळं अंतर कापायला बघतात आणि गाडी लहान टायरच्या बाजूला वळत राहते. पुढची चाकं कितीही जुळवली तरी हा दोष जात नाही, आणि बहुतेकजण मागे बघतच नाहीत.

आता पुढचा भाग फ्रेमखाली जॅक लावून दोन्ही चाकं अधांतरी करा आणि मागच्या चाकांना दगड लावा. चाक हाताने फिरवून बघा. एक मोकळं फिरलं आणि दुसरं घासत थांबलं तर त्या बाजूचा कॅलिपर अडकतोय, ओढण्याचं कारण तिथेच मिळू शकतं. मग चाक डाव्या-उजव्या कडांना, म्हणजे घड्याळातल्या ९ आणि ३ वर धरून हलवा. इथला प्ले बहुधा टाय रॉड एंडचा असतो. दुसऱ्या हाताचं बोट त्या जॉइंटवर ठेवलं की खेळ कुठे आहे ते बोटालाच कळतं. १२ आणि ६ वर धरल्यावर हललं तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. दोन्हींतला फरक ओळखायला सोबतच्या माणसाला पुढचा ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेकमुळे हब (चाकाचा मधला फिरणारा भाग) नकलला (हब ज्यावर बसतो त्या भागाला) पकडला जातो, म्हणून प्ले गायब झाला तर दोष बेअरिंगचा. तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा ए-आर्मचे बुश. शेवटी एकाने चाकं धरावीत आणि दुसऱ्याने हँडल हलवावं. चाकं हलण्याआधी हँडल बरंच फिरलं तर स्टेमचा वरचा बुश किंवा खालचं बेअरिंग गेलेलं आहे.

नागाव किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर भाड्याने फिरलेल्या गाडीत हे सगळं जास्त कसून बघा. खारं पाणी आणि वाळू फाटलेल्या रबर बुटातून बॉल जॉइंटमध्ये शिरते आणि घासपेपरसारखं काम करते. टायरची झीज मात्र अशा गाडीत काहीच सांगत नाही, कारण वाळूत टायर फारसा झिजत नाही. डांबरी रस्त्यावर वापरलेली गाडी असेल तर तळहात टायरवर आडवा फिरवा. आतून बाहेर नेताना टायरवरच्या गोट्यांच्या (उंचवट्यांच्या) कडा हाताला बोचत असतील आणि बाहेरून आत येताना गुळगुळीत लागत असेल तर टो-इन (चाकांची पुढची बाजू आत वळलेली) जास्त आहे. उलट असेल तर टो-आउट.

आता माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा: टाय रॉडचे आटे. तारेच्या ब्रशने चिखल-गंज काढा आणि प्रत्येक रॉडच्या दोन्ही टोकांना चेक नटाबाहेर दिसणारे आटे मोजा. निरोगी गाडीत डाव्या आणि उजव्या रॉडची बेरीज जवळपास सारखी येते. डावीकडे ८ आणि उजवीकडे १५ निघाले, तर १.२५ मिमी पिचच्या (दोन आट्यांमधल्या अंतराच्या) आट्यात हा फरक सुमारे ९ मिमी होतो. एवढा फरक जुळवताना पडत नाही. कोणीतरी वाकलेल्या भागाची भरपाई रॉडने केलेली आहे. मग तो भाग शोधायचा.

शोधण्याचे तीन मार्ग. पहिला, टाय रॉड काढून काचेवर किंवा सपाट फरशीवर लोळवा. सरळ रॉड सलग लोळतो, वाकडा डुगडुगतो. वाकल्याने रॉडची लांबी घटते. रॉड अ‍ॅक्सलच्या मागे असेल तर ते चाक टो-आउट होतं, पुढे असेल तर टो-इन. वाकडा रॉड ठोकून सरळ करू नका, बदला. दुसरा, हँडल सरळ धरून पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. एका बाजूला ८–१० मिमी कमी भरलं आणि मागचा अ‍ॅक्सल गाडीच्या लांबीला काटकोनात असेल, तर खालचा ए-आर्म मागे ढकलला गेला आहे. अशा चाकाचा कॅस्टर (बाजूने बघताना चाक वळण्याच्या अक्षाचा मागे कल) कमी होतो आणि गाडी त्याच बाजूला ओढते. तिसरा, ओळंबा. सपाट जमिनीवर चाकाबाहेर ओळंबा सोडा आणि दोरीपासून रिमच्या वरच्या व खालच्या कडेचं अंतर मोजा. १० इंची रिमवर ५ मिमीचा फरक म्हणजे साधारण १ अंश कॅम्बर. आकड्यापेक्षा दोन्ही बाजू सारख्या आहेत का, हे महत्त्वाचं. चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा. फरक उलटा झाला तर ए-आर्म ठीक आहे, रिम वाकडी आहे.

ए-आर्म फ्रेमला जोडतो त्या कानांजवळ रंग तडकलाय का, नवं वेल्डिंग किंवा फक्त तेवढ्याच जागी ताजा रंग दिसतोय का, तेही बघा. मग खालच्या ए-आर्मच्या बोल्टपासून विरुद्ध बाजूच्या मागच्या एखाद्या ठरावीक बोल्टपर्यंत दोन्ही कर्ण मोजा. कर्ण जुळत नसतील तर फ्रेमच गेलेली आहे, आणि अशी गाडी मी कोणाला घ्यायला सांगणार नाही, कितीही स्वस्त असली तरी.

सगळे भाग ठीक निघाले किंवा बदलून झाले की मग टो. मोटारींच्या अलाइनमेंट मशीनचे क्लॅम्प इतक्या लहान रिमला सहसा बसत नाहीत, हाताने मोजणंच बरं. चाक अधांतरी फिरवत, खडू एका जागी स्थिर टेकवून टायरच्या मध्यावर रेघ ओढा. रिम थोडी वाकडी असली तरी ही रेघ खरी येते. दोन्ही शॉकचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबलेली आहे ते) सारखा करा, गाडी खाली उतरवा, दाबून उसळवा, दोन-तीन मीटर पुढे ढकला. सस्पेन्शन वर-खाली झालं की टो बदलतो, म्हणून लटकत्या चाकांवर मोजमाप करू नका. हँडल सरळ बांधा. अ‍ॅक्सलच्या उंचीला दोन्ही रेघांवर पुढच्या बाजूला खूण करून अंतर घ्या. गाडी इतकी पुढे ढकला की त्याच खुणा मागे येतील, आणि पुन्हा मोजा. मागचं अंतर जास्त असेल तर टो-इन, पुढचं जास्त असेल तर टो-आउट.

किती ठेवायचा हे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलवर ठरतं, ऐकीव आकडा लावू नका. पोलॅरिसच्या अनेक मॉडेलना ३ ते ६ मिमी टो-आउट सांगितलेला आहे, तर काही कंपन्या थोडा टो-इन सांगतात.

हँडल सरळ असताना कुठलं चाक वाकडं आहे, हे कळायला मागच्या टायरना टेकवून दोन्ही बाजूंनी तंगूस ताणा आणि पुढच्या रिमच्या दोन्ही कडांशी अंतर बघा. पुढचा-मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) वेगळा असतो, म्हणून तंगूस रिमला टेकेल अशी अपेक्षा ठेवू नका. दोन कडांमधला फरक वाचा.

रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, तिकडचा चेक नट उलटा फिरतो. जोर लावण्याआधी हे बघा, नाहीतर आटे जातील. गंजलेल्या नटावर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. दोन्ही रॉड सारखेच फिरवा, आणि अगदी थोडे: १.२५ मिमी पिच, १०० मिमीचा स्टिअरिंग आर्म आणि ६०० मिमी व्यासाचा टायर धरला तर एका रॉडचा एक फेरा टो १५ मिमीने बदलतो, कारण दोन्ही टोकांचे आटे मिळून लांबी दोन पिच बदलते. दोन्ही रॉड षटकोनाच्या एकेका बाजूइतके फिरवले की ५ मिमी.

चेक नट आवळताना रॉड एंड मधोमध धरून ठेवा, तिरका आवळला तर जॉइंट वळणात अडकतो. कॅसल नटाचं (पिनेसाठी खाचा असलेल्या नटाचं) भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळा, मागे सोडू नका, आणि स्प्लिट पिन नवीनच घाला. मग हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून ब्रेकची नळी, केबल, टायर कुठे घासत नाही ना ते तपासा, मोकळ्या सपाट जागेत हळू चालवून बघा आणि पहिल्या २०–२५ किलोमीटरनंतर चेक नट पुन्हा तपासा.