गिझरचा लाल दिवा
आज फ्लॅटमधले आम्ही पाचही जण विजेचं बिल मधे ठेवून भांडलो. निमित्त काय, तर रात्रभर चालू राहिलेला एक दिवा! मग मी गिझरवरचं स्टिकर वाचलं: २००० वॅट. म्हणजे अर्धा तास पाणी तापलं की एक युनिट. तेवढ्या विजेत ९ वॅटचा एलईडी शंभराहून जास्त तास चालतो. आणि आमचा गिझर पहिला उठणारा लावतो, शेवटचा विसरतो. पाणी तापलं की आपोआप थांबतो खरा, पण निवलं की पुन्हा सुरू. रिकाम्या घरात दिवसभर त्या लाल दिव्याची उघडझाप. आता पाठोपाठ अंघोळी उरकायच्या ठरल्यात. सगळ्यांत उशिरा उठतो मी, त्यामुळे बटण बंद करायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात.