जपानला निघण्याआधी वाचलेलं

कोयासान या देवळांच्या डोंगरावर एका देवळातल्या मुक्कामी संध्याकाळी साडेपाचलाच जेवण आलं. शोजिन र्‍योरी, म्हणजे भिक्षूंचं शाकाहारी जेवण. तिळाचं गोमादोफू, गोठवून सुकवलेलं कोयादोफू, भात, लोणचं आणि काळ्या लाखेच्या झाकणाच्या वाटीत सूप. ताईने चॉपस्टिक उचलल्या आणि मी उठून मोठा दिवा बंद केला.

"अगं, दिसणार कसं?"

"तेच तर!"

हे खूळ तानिझाकीचं. जुनइचिरो तानिझाकी या जपानी लेखकाचा १९३३ सालचा 'इन प्रेझ ऑफ शॅडोज' हा निबंध मी निघायच्या आदल्या आठवड्यात वाचला होता. एका बैठकीत संपतो. त्याचं म्हणणं असं, की लाखेची भांडी, त्यावरची सोनेरी नक्षी विजेच्या दिव्यात भडक वाटते, कारण ती मुळात अंधाऱ्या खोल्यांसाठी केलेली. झाकण काढलं तर आत काय आहे ते कळेना. सूप आणि वाटीचा तळ, दोन्ही काळं. कडेला वाफेचे बारीक थेंब धरलेले, त्यांवर कोपऱ्यातल्या कागदी दिव्याचा उजेड. वास आधी आला, मग कधीतरी चव. ताईने दोन घोट घेतले, "छान आहे, पण भाजी कुठली ते मला बघायचंय" म्हणाली आणि दिवा लावला.

हाच तानिझाकी देवळांतल्या बागेकडेच्या अंधाऱ्या संडासांचंही भरभरून कौतुक करतो. आमच्याकडे गरम सीट आणि बटणांची रांग होती. नोव्हेंबरच्या त्या थंडीत मी त्याची साथ सोडली.

जपानला निघालो म्हटलं की कोणीतरी 'द क्रिसँथेमम अँड द स्वोर्ड' सुचवतंच. रूथ बेनेडिक्टचं हे पुस्तक १९४६चं. उपकाराचं ओझं आणि त्याची परतफेड यावरची पानं खरोखर उलगडा करतात. पण बाई जपानला कधी गेल्याच नव्हत्या. युद्धाच्या दिवसांत अमेरिकी सरकारसाठी त्यांनी लांबूनच हा अभ्यास केला. तेव्हा हातचं राखून वाचावं. पुलंचं 'पूर्वरंग' आपल्या घरात असतंच. त्यातून माणसं बघायची नजर घ्यावी. जपान तेव्हाचा, साठ वर्षांपूर्वीचा.

बाशो मात्र घरी वाचून ठेवून जाऊ नये, सोबत न्यावा. १६८९ साली हा कवी सोरा नावाच्या शिष्याला घेऊन एदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून, उत्तरेकडे चालत निघाला. त्या वाटचालीचं 'ओकु नो होसोमिची' हे पुस्तक अगदी छोटं आहे. सेंदाईहून सेंझान लाइनच्या गाडीने तासाभरात आम्ही यामादेराला उतरलो. डोंगरावरचं देऊळ, हजारावर पायऱ्या. इथेच त्याचा तो हायकू: शांतता, आणि खडकांत मुरत जाणारा सिकाडांचा आवाज. सह्याद्रीत पावसाच्या तोंडावर झाडं किर्र वाजतात ना, तोच. बाशो आला होता ऐन उन्हाळ्यात. हे ठाऊक असूनही आम्ही लाल पानांच्या लोभाने नोव्हेंबरात गेलो. एक किडा नाही. निम्म्यावर ताई बसली, मग मीही. उंच सुगी वृक्षांवरून थेंब ठिबकत होते आणि आम्हा दोघींची धाप. ती जरा ओसरल्यावर खडक किती गप्प आहेत ते ऐकू आलं.

शेवटचं पुस्तक आम्ही शाळेतच वाचलेलं: तेत्सुको कुरोयानागीचं 'तोत्तोचान', चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या मराठीत. रेल्वेच्या डब्यांत भरणारी ती तोमोए शाळा १९४५च्या बाँबहल्ल्यात जळाली. तरी ती जिथे होती ते तोक्योतलं जियुगाओका ताईला बघायचंच होतं. स्टेशनबाहेर बारीक गल्ल्या, केकची दुकानं, कडेवर कुत्री घेतलेल्या बायका. शोधायला काही नव्हतंच. कोबायाशी मुख्याध्यापकांचा नियम आठवला, डब्यात थोडं समुद्राचं, थोडं डोंगराचं हवं, आणि भूक लागली. कोपऱ्यावरच्या दुकानातून ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके, घेतल्या. आत उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, आणि बाहेर नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा पातळ पापुद्रा. कागदावरची एक नंबरची पट्टी आधी ओढायची असते. ताईने तीन नंबरची ओढली. निम्मी नोरी कागदातच राहिली.

"समुद्र फाटला," ती म्हणाली. दोन घास खाऊन तिने पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली.

"ही कुठली धरायची? समुद्राची की डोंगराची?"

"सोलापूरची."