घरच्या संगणकावर पॅकेट नोड: बोलू लागला, आता त्याला गप्प करतोय

पॅकेट रेडिओ म्हणजे हौशी रेडिओवरून संगणकांनी एकमेकांना डेटाची पाकिटं पाठवणं. त्याचं एक केंद्र, म्हणजे नोड, मी घरी उभं केलंय. सध्याची स्थिती आधी सांगतो. जुना लॅपटॉप, त्यावर डेबियन, डायरवुल्फ हा सॉफ्टवेअर मोडेम, आणि यूएसबी साउंड कार्डमार्फत जोडलेली व्हीएचएफ रिग (रेडिओ संच). १२०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला १२०० बिटांनी, फ्रेम (डेटाचे तुकडे) येतात-जातात, लिनक्सच्या कर्नलमधला एएक्स.२५ हा पॅकेट रेडिओचा प्रोटोकॉल उठून बसलाय आणि शॅकमधल्याच (रेडिओच्या खोलीतल्याच) दुसऱ्या रिगवरच्या मशीनला पिंग पोचतो. नेटवर्क उभं राहायला फारसा त्रास झाला नाही. उभं राहिल्यावर लिनक्सने जी बडबड सुरू केली, ती थांबवण्यात खरा वेळ गेला. म्हणून ऑडिओचं थोडक्यात उरकतो.

डायरवुल्फचे लेखक जॉन लँगनर यांनी त्यात एक फार उपयोगी गोष्ट ठेवलीय. प्रत्येक फ्रेमसोबत तो ऑडिओ लेव्हल छापतो आणि पुढे कंसात दोन आकडे देतो. पहिला १२०० हर्ट्झच्या टोनचा, दुसरा २२०० च्या; याच दोन टोनांतून बिट जातात. लेव्हल साधारण ५० च्या आसपास असावी, हे बहुतेकांना माहीत असतं, पण कंसाकडे कुणी बघत नाही. माझ्याकडे स्पीकर जॅकवरून घेतलं तेव्हा दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर यायचा, म्हणजे रिगचा डी-एम्फसिस (उंच स्वर दाबणारा फिल्टर) वरचा टोन दाबत होता. मागच्या डेटा पोर्टवरून घेतल्यावर दोन्ही जवळपास सारखे झाले आणि कमकुवत स्टेशनंही डीकोड व्हायला लागली. ज्यांच्या रिगला डेटा पोर्ट नाही त्यांनी निराश व्हायचं कारण नाही, डायरवुल्फ बरंच सांभाळून घेतो.

अल्सामिक्सरमध्ये (लिनक्सचं आवाजाचं नियंत्रण) कॅप्चरच्या बाजूला ऑटो गेन कंट्रोल असेल तर ते बंद करा आणि सेटिंग साठवून ठेवा. स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद करणारी सोय) पूर्ण उघडा ठेवा, चॅनल मोकळा आहे की नाही हे मोडेम स्वतः ठरवतो. हँडी (हातातला रेडिओ) वापरत असाल तर बॅटरी सेव्हर बंद करा, नाहीतर पॅकेटचं डोकंच कापलं जातं. आणि साउंड कार्डाला कॉन्फिगमध्ये नंबराने हाक मारू नका, नावाने मारा. रीबूट झाला की एकाचा दोन होतो आणि मग शोधत बसा.

पीटीटीसाठी, म्हणजे रिगला प्रसारणावर टाकणाऱ्या स्विचसाठी, वेगळी सर्किट केली नाही. साउंड कार्डातल्या सीएम१०८ जातीच्या चिपला जीपीआयओ (चालू-बंद करता येणाऱ्या) पिना असतात, त्यातली तिसरी ट्रान्झिस्टरमार्फत पीटीटीला दिली की काम झालं. फक्त त्या पिनेपर्यंत पोचवणाऱ्या हिडरॉ डिव्हाइसवर लिहायची परवानगी यूडेव्हच्या (लिनक्सची उपकरणं सांभाळणारी सेवा) नियमातून द्यावी लागते. व्हॉक्सच्या (आवाज आला की आपोआप प्रसारण) नादी लागू नये असं माझं मत. सोडायला उशीर करतो आणि तेवढ्यात समोरच्याचं उत्तर सुरू झालेलं असतं.

आता कर्नलकडे. डायरवुल्फ ‘पी’ स्विच देऊन सुरू केला की तो एक खोटा सिरियल पोर्ट तयार करतो. एएक्सपोर्ट्स फाइलमध्ये एक ओळ, मग किसअटॅच ही आज्ञा, आणि एएक्स-झिरो हा इंटरफेस हजर. मोडेम आणि कर्नल यांच्या मधली भाषा किस, माइक चेपोनिस आणि फिल कार्न यांनी १९८७ साली मांडलेली. इतकी साधी की दोन फ्रेमच्या मध्ये सी-झिरो हा बाइट टाकायचा, आणि तोच बाइट डेटात आला तर त्याच्या जागी ठरलेली जोडी पाठवायची, साधारण एवढ्यावर भागतं.

साधी असूनही एक खोच आहे. पहिली दोन पॅकेट हवेत गेलीच नाहीत, आणि डायरवुल्फने तक्रार केली की चॅनल ८ अवैध आहे, मग चॅनल २ अवैध आहे. माझ्याकडे चॅनल एकच, तोही शून्य. झालं असं की कर्नलचा किस ड्रायव्हर ‘ऑटो’ मोडमध्ये असतो आणि समोरच्या टीएनसीला (पॅकेट मोडेमला) चेकसम (चूक ओळखायचा आकडा) समजतो का, हे चाचपून बघतो. त्यासाठी तो फ्रेमच्या सुरुवातीच्या कमांडच्या बाइटमधला एकेक बिट चढवतो. पण त्याच बाइटचा वरचा अर्धा भाग म्हणजे चॅनल नंबर, त्यामुळे मोडेमला एकदा ८ दिसतो आणि एकदा २. किसपार्म्स या आज्ञेला ‘सी १’ सांगितलं की ही चाचपणी बंद होते. कोणाला ही ओळ दिसली तर साउंड कार्डाच्या मागे लागू नका.

इंटरफेस वर आला, आणि मी काहीही न करता पीटीटीचा लाल दिवा लागला. थोड्या वेळाने पुन्हा. पॅकेट दाखवणारं एएक्सलिसन लावून पाहिलं तर २२४.०.०.२५१ या पत्त्याकडे, पोर्ट ५३५३. म्हणजे अवाही! घरातले प्रिंटर शोधायला निघालेला डीमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम) माझ्या कॉलसाइनखाली (रेडिओवरच्या ओळखीखाली) दोन मीटर बँडवर हाका मारत होता. त्याच्या मागोमाग आयजीएमपी, म्हणजे मल्टिकास्टच्या (एकाच वेळी अनेकांना पाठवण्याच्या) गटात सामील होण्याचे संदेश. लिनक्सच्या दृष्टीने एएक्स-झिरो हे आणखी एक नेटवर्क कार्ड, तिथे मल्टिकास्ट चालतं असं कळलं की सगळे आपापली ओळख करून द्यायला धावतात. इथरनेटवर हे कोणाच्या लक्षातही येत नाही. इथे प्रत्येक ओळख म्हणजे सेकंदभर अडवलेला चॅनल, आणि तोही सगळ्यांच्या वाटणीचा.

उपाय तिहेरी केला. इंटरफेसवरचं मल्टिकास्ट बंद, अवाहीच्या कॉन्फिगमध्ये एएक्स-झिरो वर्ज्य, आणि वर एनएफटेबल्सचा (लिनक्सचं फायरवॉल) नियम: या इंटरफेसवरून बाहेर जाणारं सगळं अडवा, फक्त मी नाव घेतलेले पोर्ट सोडा. तिसरा नियम असेल तर पहिले दोन कशाला, असं कोणी विचारेल. उद्या अपडेटमधून नवा डीमन आला तर तिसराच कामाला येणार, हे खरं. पण नियम लोड व्हायच्या आधी इंटरफेस वर आला तर पहिले दोन लागतातच. डीफॉल्ट रूट (बाकी सगळ्या रहदारीची वाट) चुकूनही इकडे देऊ नका, हे वेगळं सांगायला नको.

पुढची डोकेदुखी टीसीपी, म्हणजे इंटरनेटवर डेटा खात्रीने पोचवणारा प्रोटोकॉल. हिशोब बघा. २५६ बाइटांचं पॅकेट, त्यावर एएक्स.२५ चं हेडर आणि चेकसम धरून सुमारे २२०० बिट. १२०० बॉडला पावणेदोन सेकंदांहून थोडं जास्त. त्यात टीएक्सडिले (पीटीटी दाबल्यापासून डेटा सुरू होईपर्यंतची वाट) ३०, म्हणजे ३०० मिलिसेकंद, कारण तो आकडा दहा-दहा मिलिसेकंदांत मोजतात. आता लिनक्सचा टीसीपी काय करतो? पहिल्या पॅकेटच्या उत्तराची एक सेकंद वाट बघतो आणि पुन्हा पाठवतो. माझं उत्तर परत यायलाच दोन सेकंद लागतात, त्यामुळे प्रत्येक जोडणीत एक तरी फुकटचं पॅकेट. जोडणी झाली की आणखी वाईट, कारण सुरुवातीलाच दहा सेगमेंट (टीसीपीची पॅकेट) एकदम सोडायची त्याला मुभा असते. दहा गुणिले पावणेदोन करा! रिगचा टाइमआउट टायमर (लांबलेलं प्रसारण तोडणारा) लहान असेल तर मधेच गळा आवळतो आणि अर्धं पाठवलेलं वाया.

याउलट एएक्स.२५ ची स्वतःची वाट बघायची मुदत कर्नलमध्ये मुळातच दहा सेकंद आहे. रेडिओवाल्यांनी लिहिलेलं लगेच कळतं.

एएक्स-झिरोच्या रूटवरच सुरुवातीची विंडो (एकदम सोडायची सेगमेंट) १ केली आणि किमान आरटीओ (पुन्हा पाठवण्याआधीची वाट) पाच सेकंद. टीसीपीचे टाइमस्टॅम्प बंद केले, दर सेगमेंटमागे बारा बाइट वाचतात. टाइमस्टॅम्पची सेटिंग पूर्ण मशीनला लागते, पण या लॅपटॉपवर दुसरं काही चालत नाही. आता साधं टेक्स्ट पान सावकाश पण न अडखळता येतं. जोडणीच्या पहिल्याच पॅकेटची एक सेकंदाची घाई मात्र रूटच्या सेटिंगला जुमानत नाही, ते एक फुकटचं पॅकेट सध्या सोसतोय.

सुरक्षेबद्दल. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांच्या २५ व्या कलमानुसार वेगवेगळ्या देशांतल्या हौशी स्टेशनांमधल्या संदेशाचा अर्थ झाकण्यासाठी संकेतन करता येत नाही, अपवाद फक्त हौशी उपग्रहांना पाठवायच्या नियंत्रण संदेशांचा. तोच दंडक मी सगळीकडे पाळतो, म्हणजे एसएसएच आणि एचटीटीपीएस (दोन्ही सांकेतिक) या वाटेवरून बाद. टेलनेट (उघड्या मजकुरातलं लॉगिन) चालेल, पण पासवर्ड सगळ्या गावाला ऐकू जाईल. म्हणून एएक्स-झिरोवर लॉगिनच ठेवलेलं नाही: एक वाचायचं पान, एक फाइलींची यादी, बस्स. मशीनची देखभाल घरच्या वायफायवरून.

पत्ते सध्या खासगी आहेत. हौशींसाठी १९८१ पासून राखलेला ४४ ने सुरू होणाऱ्या आयपी पत्त्यांचा पट्टा आहे, २०१९ मध्ये त्यातला ४४.१९२ पासूनचा चतुर्थांश अ‍ॅमेझॉनला विकला गेला, तरी उरलेला वापरून संपणारा नाही. अर्ज करीन, पण आधी लिनबीपीक्यू बसवायचाय. जॉन वाइजमन यांचा हा नोडचा प्रोग्राम डायरवुल्फच्या ८००१ पोर्टवर थेट किस बोलतो, आणि डायरवुल्फ एकाच वेळी कर्नललाही सेवा देतो. दोघांचे एसएसआयडी (कॉलसाइनमागचा आकडा) वेगळे ठेवले की झालं. अडचण फक्त नोडच्या प्रसारणांची. शेजारच्या नोडांची यादी दर किती मिनिटांनी पाठवायची आणि किमान क्वालिटी (मार्गाचा दर्जा) किती धरायची, यावर ज्यांनी गजबजलेल्या चॅनलवर प्रयोग केलेत त्यांनी आपले आकडे सांगावेत, तोवर माझं प्रसारण बंदच राहील.