गिरणाऱ्याचा माळ आणि डहाणूची वाळू: फेकीच्या सरावाची नोंद

नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत डहाणूचा किनारा गाठायचा म्हणजे जाण्यातच अर्धी सकाळ संपते. त्यामुळे गळ फेकण्याचा सराव समुद्रावरच करायचा म्हटले, तर महिन्यातून जेमतेम एक दिवस हाती लागतो. म्हणून डिसेंबरपासून दर रविवारी उजाडताच मी गिरणाऱ्याच्या बाजूच्या एका मोकळ्या माळावर जातो. शहरातली मैदाने मी मुद्दाम टाळली, कारण दोरी तुटली तर तिला वजन म्हणून बांधलेले १२५ ग्रॅमचे शिसे बंदुकीच्या गोळीसारखे सुटते आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांचा जीव आपल्या छंदापायी धोक्यात घालणे मला मान्य नाही.

साहित्य साधेच आहे: १२ फुटी रॉड, स्पिनिंग रील, ०.३५ मिलिमीटरची नायलॉनची दोरी आणि तिच्यापुढे फेकीचा झटका सोसणारा जाड दोरीचा तुकडा, म्हणजे ५० पौंडी शॉक लीडर. शिशाच्या दर औंसामागे १० पौंड ताकदीचा लीडर हा जुना हिशेब मी काटेकोर पाळतो. टोकापासून लोंबणारी दोरी, रॉडची लांबी आणि रीलच्या दोरी गुंडाळायच्या चाकावर, म्हणजे स्पूलवर, किमान सहा वेढे, एवढा तो लांब ठेवतो.

पहिल्या रविवारी टेपने मोजलेली सर्वांत लांब फेक ५२ मीटर होती. मी सगळा जोर उजव्या हाताने लावत होतो आणि सुरुवातीलाच झटका देत होतो. त्यामुळे रॉड वाकण्याआधीच निम्मी ताकद वाया जात होती. डावा हात नुसता बुंध्याला धरलेला असे. तो हात फेकीच्या शेवटच्या टप्प्यात बरगडीकडे खेचायचा आणि त्याच क्षणी उजवा हात पुढे-वर ढकलायचा, हे कळायला तीन रविवार गेले. सुरुवात संथ, वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर आणि मग वेग, असा क्रम बसला तेव्हा जोर कमी लावूनही आकडा ७१ वर गेला. शिसे फार उंच जाऊन जवळच पडले, तर दोरी धरलेले बोट लवकर सुटले. समोर खाली आपटले, तर उशिरा. प्रत्येक फेकीनंतर मी एवढेच वहीत लिहितो.

जानेवारीतला एक अपघात सविस्तर सांगायला हवा. लीडरची गाठ स्पूलच्या पुढच्या कडेजवळ आली होती. फेकताना मागून सुटणारी दोरी तिच्यात अडकली, खाडकन तुटली आणि तर्जनीची कातडी सोलून निघाली. शिसे कुठे पडले ते सापडलेच नाही. आता गाठ नेहमी स्पूलच्या मागच्या कडेला, रीलच्या बाजूला बसवतो, म्हणजे सुटणारी दोरी तिच्यावर घासत नाही. बोटावर चामडी टोपीही चढवतो.

फेब्रुवारीच्या अखेरीस माळावर ८४ मीटर झाले आणि त्यानंतरच्या उधाणाला डहाणूला गेलो. तिथे टेप लावता येत नाही, म्हणून रीलच्या एका फेऱ्यात साधारण ८० सेंटीमीटर दोरी येते हे माळावरच मोजून ठेवले होते. समुद्रावर ७८ फेरे भरले, म्हणजे सुमारे ६२ मीटर. समोरून पश्चिमेचा वारा होता आणि गळाला कोळंबी होती, त्यामुळे ही घट मला अपेक्षितच होती. मात्र पहिल्या दोन फेकींत कोळंबी हवेतच निसटली, म्हणून पुढे ती बारीक इलॅस्टिकच्या धाग्याने गळाला गुंडाळली. संथ सुरुवातीचा खरा फायदा मला तिथे दिसला, कारण झटका नसला की आमिष टिकते. दुपारी एक मध्यम शिंगाळा लागला. त्याच्या काट्यांत विष असते, म्हणून पक्कडीनेच गळ काढून त्याला परत सोडले.

पुढचे चार रविवार माळावरही शिशासोबत कोळंबीच्या वजनाचा ओला स्पंजचा तुकडा बांधूनच फेकणार आहे. त्या अवस्थेत ७५ मीटर सातत्याने भरेपर्यंत शिसे लंबकासारखे झुलवून करायच्या पेंड्युलम फेकीला हात लावायचा नाही, असे ठरवले आहे.